181 अर्ज, त्यात एकही मुलगी नाही

2006 च्या उन्हाळ्यातली गोष्ट. गूगलने आदल्याच वर्षी 'समर ऑफ कोड' सुरू केला होता. विद्यार्थ्याने सुट्टीत एखाद्या मुक्त, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या, सॉफ्टवेअर प्रकल्पासाठी कोड लिहायचा, प्रकल्पातल्या जुन्या माणसाने त्याला हाताखाली घ्यायचं आणि गूगलने विद्यार्थ्याला 4,500 डॉलर द्यायचे, अशी योजना. लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारा ग्नोम डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या आणि मेनू, घडवणाऱ्या प्रकल्पाकडे त्या वर्षी 181 अर्ज आले. त्यातला एकही मुलीचा नव्हता.

निवड झालेल्यांमध्ये मुली कमी, हे चित्र सगळीकडेच असतं. इथे अर्जांच्या ढिगातच मुली नव्हत्या. 'मुलींना रसच नसतो' असं म्हणून विषय संपवणं सोपं होतं. ग्नोम फाउंडेशनने तसं केलं नाही. त्यांनी 9,000 डॉलर बाजूला काढले आणि तीन मुलींसाठी वेगळा उन्हाळी कार्यक्रम जाहीर केला. हॅना वॉलॅक आणि ख्रिस बॉल या दोघांनी तो उभा केला. प्रकल्प तोच, कोड तोच, उन्हाळाही तोच. मानधन तर समर ऑफ कोडपेक्षा कमीच, माणशी 3,000 डॉलर. तरीही शंभराहून जास्त अर्ज आले. ते पाहून गूगलने आणखी तिघींचा खर्च उचलला आणि अखेर सहा जणी कामाला लागल्या.

मी हे प्रकरण नव्या टीम लीडना दर वर्षी सांगते. शून्यावरून शंभरावर जाताना मुली बदलल्या नव्हत्या, त्यांचं शिक्षण बदललं नव्हतं, फक्त दारावरची पाटी बदलली होती. 'कोणीही या' या पाटीचा अर्थ बाहेर उभ्या असलेल्या मुलीला 'जे आधीपासून आत आहेत त्यांच्यासारखे या' असा लागतो. 'तुम्ही या, आणि काही अडलं तर या माणसाला विचारा' असं लिहिलं की ती पायरी चढते. 'आमच्याकडे मुलींचे अर्जच येत नाहीत हो' असं आपल्या कंपन्यांचे लोक सांगतात, तेव्हा मला हा 181 चा आकडा आठवतो.

पुढची चार वर्षं हा कार्यक्रम जवळपास थंड पडला. 2010 मध्ये मरीना झुराखिन्स्काया यांनी तो पुन्हा उभा केला आणि या वेळी तो टिकला. हळूहळू ग्नोमबाहेरचे प्रकल्प जोडले गेले, 2013 मध्ये लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आलं. 2015 मध्ये कार्यक्रम सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या संस्थेकडे गेला आणि त्याचं नाव आउटरीची झालं. मुलींपुरतं असलेलं दार पुढे आपापल्या देशात तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात भेदभाव सोसणाऱ्या सगळ्यांसाठी उघडलं. तीन महिन्यांचं काम, घरून, आठवड्याला सुमारे 30 तास, आणि आता मानधन 7,000 डॉलर. हजाराच्या वर माणसं यातून शिकून बाहेर पडली आहेत. मरीना 2022 मध्ये गेल्या.

एवढा इतिहास पुरे. मला सांगायचं आहे ते या कार्यक्रमाच्या एका कळीच्या गोष्टीबद्दल, आणि त्यासाठी मराठीत एक नेमका शब्द आहे: उमेदवारी.

आज हा शब्द निवडणुकीच्या बातम्यांतच जास्त सापडतो. पण जुन्या माणसांच्या तोंडी 'तो अमक्याकडे उमेदवारी करत होता' म्हणजे तो त्याच्या हाताखाली काम शिकत होता. आपल्या 1961 च्या कायद्याचं मराठी नावही 'शिकाऊ उमेदवार अधिनियम' असंच आहे. जागा मागणारा आणि हाताखाली शिकणारा, दोघांना एकच शब्द. आउटरीचीने नेमकी हीच दोन कामं एकत्र बांधली. तिथे नुसता अर्ज भरून निवड होत नाही. अर्जाच्या काळात साधारण महिनाभर उमेदवाराने प्रकल्पात खरं काम करायचं, चुकायचं, मार्गदर्शकाकडून दुरुस्त करून घ्यायचं. एकही योगदान न देणाऱ्याचा विचारच होत नाही. म्हणजे निवड व्हायच्या आधीच शिकणं सुरू झालेलं असतं, आणि ज्याची निवड होत नाही तोही महिनाभर शिकलेला असतो.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, साताऱ्याच्या आयटीआयमधून फिटर होऊन भोसरीच्या एका कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून लागले. पहिले काही महिने त्यांच्या हातात फक्त कानस होती. लोखंडाचा एक चौकोनी तुकडा वाइसमध्ये धरायचा आणि त्याच्या बाजू काटकोनात आणायच्या, आधी रफ कानस, मग बारीक. झालं असं वाटलं की फोरमनकडे न्यायचा. फोरमन त्यावर गुण्या टेकवायचा आणि तुकडा खिडकीच्या दिशेने धरायचा. गुण्या आणि लोखंड यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली की परत. कुठे दिसली ते बोटाने दाखवायचा, बाकी काही बोलायचा नाही. तो तुकडा कशालाच लागणार नव्हता, हे अण्णांनाही माहीत होतं. पण सहाव्या-सातव्या फेरीला उजेड दिसायचा थांबला, तेव्हा त्यांच्या हाताला जे कळलं ते कायमचं.

मला सॉफ्टवेअरमध्ये ही कानस कोणी दिली नाही. माझ्या पहिल्या नोकरीत पाच महिने स्लाइड पाहिल्या, परीक्षा दिल्या आणि मग बेंचवर, म्हणजे प्रकल्प मिळायची वाट पाहत, बसले. त्या काळात मी लिहिलेली एकही ओळ कोणी वाचली नाही. चूक दाखवणारंही कोणी नव्हतं, याचं दुःख मला आजही आहे. म्हणून कर्नलमध्ये आउटरीचीचे उमेदवार काय करतात हे पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा मला अण्णांचा वाइस आठवला.

लिनक्स कर्नलमध्ये 2008 पासून 'स्टेजिंग' नावाचा एक कप्पा आहे. चालतात, पण कर्नलच्या शिस्तीत बसत नाहीत असे ड्रायव्हर, म्हणजे एखादं उपकरण चालवणारे कोडचे तुकडे, तिथे ठेवले जातात. ग्रेग क्रोह-हार्टमन तो सांभाळतात. आउटरीचीच्या उमेदवारांना पहिलं काम इथलं दिलं जातं. कर्नलसोबतच येणारी 'चेकपॅच' नावाची स्क्रिप्ट एखाद्या फाइलवर चालवायची, ती शैलीतल्या खोड्या दाखवते, त्यातली एक दुरुस्त करायची. मोकळी जागा चुकली असेल, एका वाक्यासाठी उगाच महिरपी कंस घातले असतील, असं काहीतरी. बदल दोन ओळींचा. पण तो पाठवायची रीत संपूर्ण खरी. ज्या मार्गाने वीस वर्षं कर्नल लिहिणाऱ्याचा पॅच, म्हणजे कोडमधला बदल, जातो, त्याच मार्गाने हा पॅचही जातो.

काही वर्षांपूर्वीच्या एका ऑक्टोबरात माझ्या ओळखीची एक मुलगी यात उतरली. मूळची लातूरकडची, पदवी होऊन दीड वर्ष झालेलं, हातात नोकरी नाही. अडलं की रात्री मला फोन करायची, म्हणून मला तो प्रवास जवळून दिसला. तिच्या 4 जीबीच्या लॅपटॉपवर कर्नलचं पहिलं बिल्ड, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणं, रात्रभर चाललं. मग एका वायफाय ड्रायव्हरच्या फाइलमध्ये तिला एक 'इफ', म्हणजे अट तपासणारी ओळ, सापडला. त्याच्या पोटात एकच वाक्य, तरी भोवती महिरपी कंस. तिने ते काढले.

पहिली पाठवणी तिने ब्राउझरमधल्या ईमेलमधून केली. कर्नलचे पॅच ज्या मेल यादीवर पाठवतात तिथे फक्त साधा मजकूर चालतो, सजवलेला मेल सर्व्हरच परत पाठवतो. तिला वाटलं आपलं खातं बंद केलं. दोन दिवस गेले, मग 'गिट सेंड-ईमेल' हे पॅच मेलने पाठवायचं साधन बसवलं. दुसऱ्या पाठवणीला पॅच पोचला. यादीवरच्या एका अनुभवी व्यक्तीचं काही तासांत उत्तर आलं. विषयाच्या ओळीत 'शैलीतली चूक दुरुस्त केली' असं लिहून भागत नाही, रोज शंभर पॅच त्याच नावाने येतील. कुठल्या ड्रायव्हरमध्ये, नेमकं काय, ते विषयात हवं. आणि खाली 'काय केलं' लिहिलं आहे, 'का केलं' ते नाही. चार ओळींचं उत्तर, भाषा सरळ. तिने मला फोनवर ते वाचून दाखवलं तेव्हा आवाज रडवेला होता. मी म्हटलं, "अगं, त्या माणसाने तुझ्या दोन ओळी वाचल्यात. नीट वाचल्यात."

तिसऱ्या पाठवणीला तिने सगळं सुधारलं, पण ही दुसरी आवृत्ती आहे आणि आधीपेक्षा काय बदललं हे तीन आडव्या रेघांखाली लिहायचं राहिलं. या वेळी उत्तर ग्रेग यांच्या पॅच-बॉटकडून, म्हणजे आपोआप उत्तर देणाऱ्या प्रोग्रामकडून, आलं. ही चूक इतके जण करतात की तिच्यासाठी ठरलेला मजकूरच तयार आहे. तो वाचून ती उलट सावरली. "ताई, म्हणजे सगळेच इथे अडखळतात की!" चौथ्या पाठवणीनंतर काही दिवसांनी सूचना आली, पॅच स्टेजिंगच्या शाखेत घेतला.

दोन ओळी, चार पाठवण्या. कोड तर पहिल्यापासून बरोबर होता. मग शिकली काय? बदल छोटा ठेवायचा, एका पॅचमध्ये एकच गोष्ट करायची. आपण काय केलं ते आपल्याला न ओळखणाऱ्या माणसाला कळेल असं लिहायचं. पॅचखाली 'साइन्ड-ऑफ-बाय' लिहून हा बदल देण्याचा आपल्याला हक्क आहे याची हमी स्वतःच्या नावाने द्यायची. ही पद्धत कर्नलमध्ये 2004 पासून आहे. आणि आक्षेप आपल्यावर नसतो, पॅचवर असतो, हे पोटात उतरवायचं. यातलं काहीच अभ्यासक्रमात नव्हतं. आमच्या क्षेत्रात पहिल्या दिवसापासून लागतं ते नेमकं हेच.

महिन्याभरात तिचे अकरा पॅच घेतले गेले. निवड मात्र झाली नाही. जागा एक-दोन, उमेदवार कितीतरी. ती आठवडाभर कोणाशी बोलली नाही. पुढे पुण्यात एका छोट्या कंपनीच्या मुलाखतीत तिने प्रमाणपत्रांऐवजी त्या अकरा पॅचचे दुवे दिले. समोरच्या माणसाने तिथेच दुसऱ्या पाठवणीचं उत्तर आणि तिने केलेली सुधारणा उघडून वाचली. तिथे ती आजही एम्बेडेड लिनक्सवर, म्हणजे यंत्रांच्या आत चालणाऱ्या लिनक्सवर, काम करते.

आता या प्रकरणाची दुसरी बाजू. ती झाकली तर अभ्यास अर्धवट राहील.

हे सगळं चालतं ते कोणाच्या तरी वेळावर. कोड फुकट मिळतो, पुस्तकं फुकट मिळतात, व्हिडिओ तर ढिगाने आहेत. फुकट मिळत नाही तो जाणत्या माणसाचा तासभर. आउटरीचीचे मार्गदर्शक आठवड्याला किमान पाचेक तास देतात, आणि बहुतेक जण स्वतःचं काम सांभाळून. अर्जाच्या महिन्यात तर निवड न होणाऱ्यांचेही पॅच वाचावे लागतात. पैशाची ओढाताण वेगळीच. 2014 च्या एप्रिलमध्ये ग्नोम फाउंडेशनला आपला अनावश्यक खर्च थांबवावा लागला होता, कारण इतर प्रकल्पांच्या उमेदवारांचं मानधन फाउंडेशन आधी चुकवत होतं आणि प्रायोजकांचे पैसे मागाहून येत होते. चांगलं काम वाढलं, त्याचा हिशेब ठेवणारे हात वाढले नाहीत. कार्यक्रमाने नवं घर शोधलं त्यामागे ही गोष्ट होती, असं मी समजते.

त्याहून खोल जखम भाषेची. 2013 मध्ये कर्नलला या कार्यक्रमात आणण्याचं काम सेज शार्प यांनी सांभाळलं. लिनक्सचा यूएसबी 3.0 चा ड्रायव्हर ही त्यांची ओळख. नवख्यांसाठी पायऱ्या लिहिणं, त्यांचे पॅच वाचणं, सगळं त्यांनी केलं. ऑक्टोबर 2015 मध्ये त्यांनी आपण कर्नलचं काम सोडल्याचं जाहीर केलं, आणि तिथल्या बोलण्यातला उद्धटपणा व वैयक्तिक अपमान हे कारण सांगितलं. सप्टेंबर 2018 मध्ये स्वतः लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी आपल्या वागण्याबद्दल माफी मागून काही काळ बाजूला होण्याचं ठरवलं, आणि कर्नलने आचारसंहिता स्वीकारली. मला इथे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की ज्यांनी नवख्यांसाठी दार रुंद केलं, त्यांनाच आतल्या खोलीत राहणं अशक्य झालं. फोरमन उजेडाची रेघ दाखवायचा आणि गप्प राहायचा. तीच रेघ दाखवताना आईबाप काढणारा फोरमनही त्याच शेडमध्ये असायचा, अण्णा सांगतात, आणि त्याच्या हाताखालची पोरं टिकायची नाहीत. सेज शार्प आउटरीचीचं काम मात्र पुढेही करत राहिले.

आपल्या मुलामुलींसाठी आणखी अडचणी आहेत. डिसेंबर ते मार्चच्या फेरीत उत्तर गोलार्धातल्या पूर्णवेळ विद्यार्थ्यांना जागा नाही. उरते मे ते ऑगस्टची फेरी. आपल्याकडे काही विद्यापीठांच्या परीक्षा जूनपर्यंत रेंगाळतात, त्यामुळे 30 तासांचं गणित बसवताना मुलं मेटाकुटीला येतात. अर्जाचा महिना बिनपगारी असतो. घरी पैसे पाठवावे लागतात त्या मुलाला तो परवडत नाही, आणि नेमका त्याच्यासाठीच हा कार्यक्रम आहे. इंग्रजीची भीती आहेच. लातूरच्या त्या मुलीचा पॅचपेक्षा पॅचखालच्या तीन ओळी लिहिण्यात जास्त वेळ जायचा. आणि आपल्याकडचा भेदभाव नुसता मुलगा-मुलगी असा नाही. कोणाच्या ओळखीने कोण कुठल्या टीममध्ये जातं, आडनाव ऐकून कोण कोणाला शिकवायला बसतं, हे आमच्या क्षेत्रात बोललं जात नाही, पण घडतं. अर्जात प्रत्येकाला आपापल्या देशातल्या परिस्थितीबद्दल लिहायला सांगतात. तिथे आपल्या मुलांनी हे स्पष्ट लिहावं असं मला मनापासून वाटतं.

एक गोष्ट मात्र आउटरीचीने फार विचाराने केली आहे. निवड झालेल्यांना ठरावीक दिवसांनी स्वतःच्या कामाबद्दल लिहावं लागतं, आणि सुरुवातीच्याच एका लेखाचा विषय दिलेला असतो: प्रत्येक जण अडखळतो. कुठे अडकलात ते जाहीरपणे लिहायचं. नवख्याला सगळ्यात जास्त खाते ती 'मलाच येत नाही' ही समजूत. ती काढण्यासाठी समुपदेशक लागला नाही, गृहपाठाचा एक विषय पुरला. आपल्या कंपन्यांत ट्रेनी तीन दिवस एकाच चुकीवर गप्प बसून राहतो, कारण विचारलं तर अक्कल निघेल. त्या तीन दिवसांची किंमत कोणी मोजत नाही.

कायद्याने तीस किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेला 2.5 ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. पण सॉफ्टवेअरमध्ये त्या उमेदवाराच्या हातात कानस कोणती द्यायची आणि गुण्या कोणी धरायचा, हे कायदा सांगू शकत नाही.

आमच्या टीममध्ये आम्ही अकरा जण आहोत. दोन वर्षांपूर्वीपासून मी या प्रकरणातल्या तीन गोष्टी उचलल्या. मुलाखतीत कोडं घालणं बंद केलं. त्याऐवजी उमेदवाराला आम्ही रोज वापरतो अशा एखाद्या मुक्त प्रकल्पातली छोटी दुरुस्ती करायला सांगतो, त्याचे पैसे देतो आणि त्याचं काम आम्ही स्वतः वाचतो. निवड झाली नाही तरी त्याला लेखी उत्तर जातं: कुठे उजेड दिसला, कुठे नाही. नव्या माणसाचा पहिला बदल पहिल्या आठवड्यात खऱ्या कोडमध्ये गेलाच पाहिजे, मग ते चूक दाखवणाऱ्या एखाद्या संदेशातलं शुद्धलेखन का असेना. आणि दर शुक्रवारी सगळ्यांनी, माझ्यासकट, या आठवड्यात कुठे अडकलो ते दोन ओळींत लिहायचं. मागच्या शुक्रवारी मी लिहिलं होतं की वेळ-क्षेत्रांच्या एका हिशेबात दीड दिवस घालवला आणि चूक माझ्याच जुन्या टेस्टमध्ये निघाली. त्याखाली सहा महिन्यांपूर्वी आलेल्या मुलाने लिहिलं, "मीही तिथेच अडकलो होतो, विचारायला लाजलो."

तिसऱ्या गोष्टीला काही खर्च नाही. पहिल्या दोन गोष्टींना आहे. एका नव्या माणसामागे माझे आणि माझ्या एका सहकाऱ्याचे मिळून आठवड्याला सहा ते सात तास जातात. ते तास ग्राहकाच्या बिलात लावता येत नाहीत. आमच्या टाइमशीटमध्ये त्यासाठी रकाना असावा अशी मागणी मी गेल्या दिवाळीत केली. तो अजून आलेला नाही. तोवर मी ते तास 'इतर' खाली भरते आणि शेजारी त्या नव्या माणसाचं नाव लिहिते.